वाटपाचे ओझे कराच्या खांद्यावर टाकण्याआधी

कायदा आणि अर्थशास्त्र यांची सांगड घालणारे शोधनिबंध वाचणाऱ्याला एक वाक्य हमखास भेटते. निबंध कराराच्या कायद्यावर असो, अपघाताच्या नुकसानभरपाईवर असो की भाडेकरूंच्या हक्कांवर. लेखक त्या नियमाची कार्यक्षमता बारकाईने तपासतो. नियमाचा भार शेवटी कोणावर पडतो, गरिबावर की श्रीमंतावर, हा प्रश्न अखेरच्या पानांत डोके वर काढतो आणि तिथेच एका ओळीत निकालात निघतो: संपत्तीच्या न्याय्य वाटपाचे काम करव्यवस्थेवर सोपवावे. कर कोणता, कोणावर, किती आणि तो वसूल कसा होणार, याबद्दल पुढे चकार शब्द नसतो.

या एका ओळीवर केवढा तरी डोलारा उभा आहे. माझे म्हणणे असे की, ज्याला ही ओळ लिहायची आहे त्याने आधी करकायदा वाचला पाहिजे. आणि तो वाचला की ही ओळ इतक्या सहज लिहिता येत नाही. कर ही कायद्याच्या बाहेर, अर्थतज्ज्ञांच्या ताब्यात असलेली वेगळी यंत्रणा नव्हे. उत्पन्न म्हणजे काय, ते कोणाचे, कुठले आणि कोणत्या वर्षाचे, हे कर ज्या संकल्पनांच्या आधारे ठरवतो त्या मालकी, करार, कंपनी, विश्वस्तनिधी, वारसा अशा खासगी कायद्याच्याच संकल्पना आहेत. खासगी कायद्याने वाटपाकडे पाठ फिरवायची आणि कराने ते काम निस्तरायचे, ही कामाची वाटणी कागदावर दिसते तेवढी स्वच्छ म्हणूनच राहत नाही.

त्या ओळीमागचा युक्तिवाद मात्र कच्चा नाही, आणि तो नीट मांडल्याशिवाय त्यावर टीका करणे योग्य होणार नाही. हार्वर्डच्या विधी विद्यालयातील लुई कॅप्लो आणि स्टीव्हन शॅव्हेल यांनी १९९४ मध्ये तो सर्वांत नेमक्या रूपात मांडला. समजा, अपघाताच्या खटल्यात प्रतिवादी श्रीमंत असेल तर त्याला प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त भरपाई द्यायला लावायची, असे न्यायालयांनी ठरवले. नुकसान १०० चे, भरपाई १५० ची. हेतू हा की पैसा वरून खाली यावा. याचे दोन परिणाम होतात. जास्त कमावले तर जास्त भरावे लागणार हे कळल्यावर कमावण्याची ओढ तेवढी कमी होते, अगदी प्राप्तिकराने होते तशीच. आणि त्याखेरीज श्रीमंत माणूस अपघात टाळण्यासाठी गरजेपेक्षा अधिक खर्च करू लागतो, किंवा एखादे उपयुक्त काम जोखीम नको म्हणून सोडूनच देतो. तेवढेच पुनर्वितरण प्राप्तिकरातून केले असते तर पहिला तोटा झाला असता, दुसरा टळला असता. मग दुहेरी तोट्याची वाट का धरायची? शिवाय अपघात कोणाच्या हातून होईल हा योगायोगाचा भाग आहे, कर मात्र सगळ्यांना लागू होतो. वादी श्रीमंत आणि प्रतिवादी गरीब असाही खटला उभा राहतोच.

तर्क चोख आहे. ख्रिस सँचिरिको यांनी २००० साली त्याला उत्तर दिले: माणसामाणसांतली विषमता एकट्या उत्पन्नात दिसत नाही, अपघात टाळण्याच्या कुवतीसारख्या इतर गोष्टींतही ती असते, त्यामुळे भरपाईच्या नियमांतूनही थोडे पुनर्वितरण करणे इष्ट ठरू शकते. त्यावर उलटसुलट बरेच लिहिले गेले. पण ती सगळी चर्चा गणिती प्रतिमानाच्या आत चालली. मला खटकते ती गोष्ट प्रतिमानाच्या उंबरठ्यावरच आहे. जेम्स मिर्लीस यांनी १९७१ मध्ये इष्टतम प्राप्तिकराचे गणित मांडले. सरकारला माणसाची कुवत दिसत नाही, फक्त त्याचे उत्पन्न दिसते, हे त्याचे मूळ गृहीतक. या कामासाठी त्यांना १९९६ मध्ये विल्यम विक्री यांच्यासह नोबेल मिळाले, आणि ते सर्वथा योग्यच होते. पण करवकिलाला विचारा, तो म्हणेल, अहो, उत्पन्न तरी कुठे दिसते? घोडे पेंड खाते ते इथे.

१९२० मधला एक अमेरिकी खटला घेऊ. मॅकोम्बर नावाच्या एका महिलेकडे स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया या कंपनीचे २,२०० शेअर होते. कंपनीने साठलेल्या नफ्यातून रोख लाभांश देण्याऐवजी दर दोन शेअरमागे एक नवा शेअर दिला. त्यांना १,१०० शेअर मिळाले. सरकारने ते उत्पन्न मानून त्यावर कर लावला. सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो घटनाबाह्य ठरवला. आधी तीच मालमत्ता कमी तुकड्यांत होती, आता जास्त तुकड्यांत आहे. त्यांच्या हाती वेगळे असे काही आलेले नाही, असे बहुमताचे म्हणणे. यात तथ्य आहे. शेअरची संख्या वाढल्याने त्या श्रीमंत झाल्या नाहीत. त्या श्रीमंत झाल्या होत्या त्याआधीच, कंपनीचा नफा वर्षानुवर्षे साठत गेला तेव्हा. पण त्या वाढीला उत्पन्न म्हणायचे नाही, ती विकून पैसा हाती आला तरच म्हणायचे, हा नियम त्या निकालाने पक्का केला.

हा नियम समजण्यासारखा आहे. न विकलेल्या वस्तूची किंमत ठरवणे कठीण असते आणि कर भरायला रोख रक्कम लागते. पण त्याचा परिणाम किती दूरवर जातो पाहा. पगारदाराचे उत्पन्न महिन्याच्या महिन्याला दिसते आणि त्यातून कर आधीच कापला जातो. ज्याच्याकडे वाढत्या किमतीचे शेअर आहेत त्याची संपत्ती कितीही फुगली तरी विक्री होईपर्यंत करखात्याच्या लेखी त्याचे उत्पन्न शून्य. त्याला खर्चाला पैसे हवे असतील तर शेअर विकायची गरज नाही. ते तारण ठेवून कर्ज काढता येते, आणि कर्ज हे उत्पन्न नव्हे. तो मरण पावला की अमेरिकी कायद्याप्रमाणे वारसाला ते शेअर त्या दिवसाच्या बाजारभावाने मिळाले असे धरले जाते, म्हणजे आयुष्यभराची वाढ प्राप्तिकराच्या हिशेबातून कायमची पुसली जाते. करकायद्याचे अभ्यासक एडवर्ड मॅककॅफरी यांनी या मार्गाला ‘विकत घ्या, कर्ज काढा, मरा’ असे तीन पायऱ्यांचे नाव दिले आहे. यात कुठेही बेकायदा काही नाही. २०२४ मध्ये मूर दाम्पत्याच्या खटल्यात हाच प्रश्न पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे आला. परदेशी कंपनीच्या न वाटलेल्या नफ्यावरचा तो विशिष्ट कर न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी टिकवला, पण हाती न आलेल्या वाढीवर कर बसवता येतो का, या मूळ प्रश्नाला हात लावला नाही. शंभर वर्षांनंतरही तो तसाच उघडा आहे.

आता त्या एका ओळीकडे पुन्हा पाहा. पुनर्वितरण प्राप्तिकराने करावे. ठीक. पण ज्यांच्याकडे सर्वाधिक संपत्ती आहे त्यांची मिळकत प्राप्तिकराच्या व्याख्येतच बसत नसेल तर दर कितीही वाढवून काय साधणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

इथे इतिहासातली एक गोष्ट सांगणे मला गरजेचे वाटते, कारण ती फारशी सांगितली जात नाही. कायदा आणि अर्थशास्त्र या विचारप्रवाहाचे माहेरघर म्हणजे शिकागो विद्यापीठ. तिथल्या विधी विभागात शिकवणारे पहिले अर्थतज्ज्ञ म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते हेन्री सायमन्स हे करशास्त्राचे अभ्यासक होते. उत्पन्न म्हणजे वर्षभरातला उपभोग अधिक संपत्तीतली निव्वळ वाढ, ही त्यांनी १९३८ मध्ये मांडलेली व्याख्या आजही करशास्त्राच्या वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवतात. रॉबर्ट हेग यांनी १९२१ मध्ये आणि त्याआधी जर्मनीत गेओर्ग शान्झ यांनी १८९६ मध्ये अशाच दिशेचा विचार केला होता. सायमन्स बाजाराचे कट्टर समर्थक. मक्तेदारी मोडा, किमतींत ढवळाढवळ करू नका, आणि विषमता कमी करायची ती चढत्या दराच्या प्राप्तिकराने, असा त्यांचा कार्यक्रम होता. म्हणजे आज ज्या कामाच्या वाटणीबद्दल आपण बोलतो आहोत ती त्यांच्याकडे आधीच होती. पण त्यांनी दुसऱ्या अर्ध्या भागाचाही अभ्यास पूर्ण केला होता. कराचा पाया रुंद हवा, सवलतींची भोके बुजवली पाहिजेत, आणि मालमत्ता भेट म्हणून किंवा वारशाने दुसऱ्याकडे गेली की ती विकल्यासारखी धरून तोपर्यंतच्या वाढीवर कर बसला पाहिजे, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. बाजार मोकळा सोडायचा तर कर असा हवा, ही त्यांची अट होती.

सायमन्स १९४६ मध्ये गेले. त्यांच्या मागून अर्थतज्ज्ञ ॲरन डायरेक्टर आले. १९५८ मध्ये शिकागोतून या विषयाला वाहिलेले नियतकालिक सुरू झाले. १९६० मध्ये त्यातच रोनाल्ड कोज यांचा, हक्कांची वाटणी आणि व्यवहाराचा खर्च यांवरचा प्रसिद्ध निबंध आला. १९६१ मध्ये येल विद्यापीठातून ग्विडो कॅलाब्रेसी यांनी अपघातांच्या कायद्याचा आर्थिक विचार मांडला. १९७३ मध्ये रिचर्ड पोझ्नर यांचे पाठ्यपुस्तक आले आणि पाहता पाहता करार, मालमत्ता, नुकसानभरपाई, मक्तेदारीविरोधी कायदा अशा सगळ्या दालनांत अर्थशास्त्र शिरले. या साऱ्या वाटचालीत कर बाजूला पडला. त्याच शिकागोतल्या वॉल्टर ब्लम आणि हॅरी कॅल्व्हन या दोन कायदेपंडितांनी १९५२ मध्ये चढत्या दराच्या करामागची कारणे एकेक करून तपासली आणि ती डळमळीत असल्याचा निष्कर्ष काढला. सायमन्स यांच्या कार्यक्रमातला पहिला भाग उचलला गेला. दुसऱ्याची फक्त ती एक ओळ उरली.

कर बाजूला पडल्याने काय नुकसान झाले ते सांगायला ग्रेगरी खटल्याइतके चांगले उदाहरण नाही. एव्हलिन ग्रेगरी यांच्या मालकीची एक कंपनी होती, आणि त्या कंपनीकडे मॉनिटर सिक्युरिटीज नावाच्या दुसऱ्या कंपनीचे १,००० शेअर होते. ते विकून पैसे हातात घ्यायचे तर लाभांश म्हणून त्यावर भरपूर कर भरावा लागला असता. मग १८ सप्टेंबर १९२८ रोजी ॲव्हरिल नावाची एक नवी कंपनी काढण्यात आली. तीन दिवसांनी ते १,००० शेअर तिच्याकडे वर्ग झाले. २४ सप्टेंबरला ॲव्हरिल विसर्जित झाली आणि तिची एकमेव मालमत्ता, म्हणजे तेच शेअर, ग्रेगरी यांच्या हाती आली. त्यांनी ते लगेच १,३३,३३३ डॉलर ३३ सेंटना विकले. ॲव्हरिलने आपल्या सहा दिवसांच्या आयुष्यात दुसरा कोणताही व्यवहार केला नाही. कंपन्यांच्या पुनर्रचनेला कायद्यात करमाफी होती, आणि हे सगळे त्या कलमाच्या शब्दांत चपखल बसत होते.

१९३४ मध्ये अपील न्यायालयाचे न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी आधी हे मान्य केले की कर कमीत कमी बसेल अशा रीतीने आपले व्यवहार आखण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. आणि तरीही ग्रेगरी यांच्या विरोधात निकाल दिला, कारण कायद्याला अभिप्रेत असलेली पुनर्रचना ही धंद्याच्या कारणासाठी केलेली असते. इथे धंदाच नव्हता. १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये नेमके उलटे घडले. वेस्टमिन्स्टरचे ड्यूक आपल्या माळ्याला आणि इतर नोकरांना पगाराऐवजी करारपत्र करून वार्षिक रक्कम देऊ लागले, कारण घरगुती नोकरांच्या पगाराची वजावट मिळत नव्हती आणि अशा करारपत्राखालच्या रकमेची मिळत होती. काम तेच, माणसे तीच, पैसे साधारण तेवढेच. तेव्हा तिथले सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ड्यूकच्या बाजूने कौल दिला: कागदाला जे कायदेशीर रूप आहे तेच खरे, त्यामागचा आर्थिक आशय शोधत बसणे न्यायालयाचे काम नाही. पुढे तिथल्या न्यायालयांनी ही भूमिका बरीच सौम्य केली. पण त्या काळापुरते बोलायचे तर दोन देशांत सारख्याच चढत्या दराचा कर असता तरी तो श्रीमंतांकडून सारखाच वसूल झाला नसता. फरक दरात नव्हता. न्यायालय कागद वाचते की व्यवहार, यात होता.

अर्थतज्ज्ञ ज्याला करपात्र उत्पन्नाची लवचीकता म्हणतात तिच्याकडे या प्रकाशात पाहायला हवे. दर वाढवला की जाहीर केलेले उत्पन्न किती घटते, याचे ते माप आहे. ते मोठे निघाले की निष्कर्ष तयार असतो: श्रीमंतांवर जास्त कर लावून उपयोग नाही, पैसा निसटतो. जणू हा मनुष्यस्वभावाचा ठरलेला आकडा आहे. जोएल स्लेमरॉड आणि वोइचेक कोपचुक यांनी २००२ मध्ये दाखवून दिले की हा आकडा ठरलेला नाही. कराचा पाया किती रुंद, वसुली किती कडक, यावर तो हलतो, म्हणजे धोरण त्याला घडवते. कायद्याच्या अभ्यासकाने हे वाक्य उचलून धरायला हवे होते. कारण पैसा निसटतो तो कोणत्या दारांनी, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? ॲव्हरिल हे एक दार होते आणि ड्यूकचे करारपत्र हे दुसरे. ती दारे उघडी ठेवणारा किंवा बंद करणारा नियम कायद्याचा असतो. अर्थतज्ज्ञाने तो आकडा निसर्गदत्त धरायचा, कायदेपंडिताने तो अर्थतज्ज्ञाचा विषय म्हणून सोडून द्यायचा, आणि शेवटी दोघांनी मिळून दर कमी ठेवायला हवेत असे म्हणायचे, हे मला मान्य नाही.

अर्थात याचा अर्थ अर्थशास्त्राला दाराबाहेर ठेवावे असा कोणी घेऊ नये. कायद्याच्या अभ्यासकांत एक गट असा आहे की ज्याला कार्यक्षमता हा शब्दच नको असतो. न्यायाच्या चर्चेत हिशेब आणला की ती विटाळली असे त्यांना वाटते. या गटाशी माझे तितकेच मतभेद आहेत. कर कोणी भरायचा हे कायदा सांगतो, पण त्याचा भार कोण सोसतो हे कायद्याच्या कलमात लिहिलेले नसते. कंपनीवरचा कर भागधारक सोसतात, कामगार सोसतात की ग्राहक, यावर अर्नोल्ड हार्बर्गर यांच्या १९६२ च्या निबंधापासून आजवर वाद चालू आहे. अमेरिकेने १९९० च्या कायद्याने एक लाख डॉलरहून महाग नौकांवर १० टक्के चैनकर बसवला. भार नौका घेणाऱ्या धनिकांवर पडावा ही अपेक्षा होती. पण धनिकाला नौका नाही घेतली तरी चालते. ती बांधणाऱ्या कारागिराला दुसरा धंदा चटकन मिळत नाही. मंदीचेही दिवस होते, विक्री घसरली, नौका बांधणाऱ्या कारखान्यांतून ओरड सुरू झाली आणि १९९३ मध्ये तो कर मागे घेण्यात आला. सद्हेतूने लिहिलेल्या कलमाचा भार कुठे जाऊन पडेल हे सांगायला मागणी आणि पुरवठ्याचे साधे ज्ञान लागते.

रेघ कुठे मारायची हेही अर्थशास्त्रच शिकवते. इंग्लंडमध्ये १६९६ पासून १८५१ पर्यंत घराच्या खिडक्या मोजून कर घेत. खिडक्या बाहेरून मोजता येतात, घरात शिरावे लागत नाही आणि मोठ्या घराला खिडक्या जास्त असतात, म्हणून ही युक्ती. १७४७ पासूनच्या दहा वर्षांत १० ते १४ खिडक्या असल्या तर प्रत्येक खिडकीला ६ पेन्स, १५ ते १९ असल्या तर ९ पेन्स आणि २० किंवा जास्त असल्या तर एक शिलिंग असा दर होता. दहावी खिडकी ठेवली की आधीच्या नऊंवरही कर बसे. वॉलेस ओट्स आणि रॉबर्ट श्वाब यांनी त्या काळातल्या नोंदी तपासून २०१५ मध्ये दाखवले की ९, १४ आणि १९ खिडक्यांच्या घरांची तिथे गर्दी आहे. लोकांनी खिडक्या बुजवल्या. अंधार आणि कोंदट हवा पत्करली. आणि त्या बुजवलेल्या खिडकीतून सरकारला एक पैही मिळाली नाही. शिवाय, ॲडम स्मिथ यांनी त्याच काळात लिहिल्याप्रमाणे, गावाकडच्या स्वस्त घराला लंडनमधल्या कितीतरी पट महाग घरापेक्षा जास्त खिडक्या असू शकत, म्हणजे भार पडायचा तो गरिबावर. डेव्हिड वाइसबाख यांनी १९९९ मध्ये करकायद्यातल्या रेघांबद्दल जे म्हटले ते याच अनुभवाला धरून आहे: दोन गोष्टी एकमेकींच्या जागी सहज वापरता येत असतील तर त्यांच्यामधून रेघ मारू नका, कारण लोक रेघ ओलांडून पलीकडे जातील. कर्जावरचे व्याज वजा करता येते आणि भागधारकाला दिलेला लाभांश येत नाही, ही रेघ जगभरच्या करकायद्यांत आहे. आणि कंपन्या कर्जाकडे झुकतात याचे ती एक मोठे कारण आहे. इथे कायद्याला अर्थशास्त्राची गरज आहे, निःसंशय आहे.

दोन्ही ज्ञानशाखा खरोखर एकत्र आल्या की काय होते याचा दाखला स्टॅन्ली सरी यांनी घालून दिला. ते हार्वर्डचे कायद्याचे प्राध्यापक, आणि १९६१ पासून १९६९ पर्यंत अमेरिकी अर्थखात्यात करधोरणाचे प्रमुख अधिकारी. १९६७ मध्ये त्यांनी एक साधी पण हादरवणारी गोष्ट मांडली. सरकारने एखाद्या उद्योगाला रोख अनुदान दिले तर ते अंदाजपत्रकात दिसते आणि त्यावर चर्चा होते. तेवढीच करसवलत दिली तर ती कुठेच खर्च म्हणून दिसत नाही. म्हणून सवलतींचेही अंदाजपत्रक करा. पहिली यादी लगोलग तयार झाली, आणि १९७४ च्या कायद्याने ती दरवर्षी मांडणे बंधनकारक झाले. पुढे अनेक देशांनी ही पद्धत उचलली. कोणती वजावट ही खर्च आणि कोणती ही उत्पन्नाच्या मोजमापाचाच भाग, हे ठरवायला सायमन्स यांची व्याख्या लागली; आणि ती व्याख्या कलमांच्या जंजाळात लावून दाखवायला सरी यांच्यासारखा वकील लागला.

आता राहिला प्रश्न ‘करापूर्वीच्या’ उत्पन्नाचा. कर लागण्याआधी प्रत्येकाचे जे असते ते त्याचे नैसर्गिक, आणि कर म्हणजे त्यातून काढून घेतलेला वाटा, अशी समजूत त्या एका ओळीखाली दबलेली असते. रॉबर्ट हेल यांनी १९२३ मध्येच सांगितले होते की बाजारातल्या प्रत्येक सौद्यात मालमत्तेचा कायदा मुकाट्याने हजर असतो. कोण कोणाला नाही म्हणू शकतो हे तो ठरवतो, आणि सौद्याची किंमत त्यावरच ठरते. लियम मर्फी आणि थॉमस नेगल यांनी २००२ मध्ये हाच विचार करापर्यंत नेला: कर नसता तर शासन नसते, शासन नसते तर मालकी नसती, मग करापूर्वीची मालकी म्हणजे काय? काहींना हे टोकाचे वाटते. मला त्याचा मर्यादित अर्थ पुरेसा आहे. खासगी कायद्याने हक्क एकाला दिला की तो श्रीमंत होतो आणि दुसरा तेवढा गरीब. कोज यांचा निबंध वाचणारे सांगतात की व्यवहाराचा, म्हणजे सौदा जुळवण्याचा आणि निभावण्याचा, खर्च नसेल तर हक्क कोणालाही द्या, उत्पादनाला फरक पडत नाही. उत्पादनाला नसेल पडत. पण त्या दोघांना पडतो.

देशांच्या सीमा ओलांडल्या की ही सगळी गुंतागुंत कित्येक पटींनी वाढते. राष्ट्रसंघाने ब्रुइन्स, आयनाउदी, सेलिग्मन आणि स्टॅम्प या चार अर्थतज्ज्ञांना विचारले की एकाच नफ्यावर दोन देशांनी हक्क सांगितला तर काय करावे. त्यांनी १९२३ च्या अहवालात आर्थिक निष्ठा नावाचे तत्त्व मांडले: माणसाचे आणि मालमत्तेचे आर्थिक लागेबांधे जिथे जास्त, तिथे कर. त्यावर वकिलांनी करार रचले, आणि त्या करारांतली ‘कायमस्वरूपी आस्थापना’ ही अट, म्हणजे कारखाना किंवा कचेरी असेल तरच तिथल्या धंद्याच्या नफ्यावर कर, जवळपास शतकभर टिकली. दरम्यान धंदा कचेरीविना चालू लागला. २०२१ मध्ये १३० हून अधिक देशांनी मोठ्या कंपनीसमूहांवर किमान १५ टक्के कर असावा असे मान्य केले; मर्यादा ७५ कोटी युरो वार्षिक उलाढालीची. अंमल अजून अर्धाच आहे. अशा जगात वाटपाचे काम करव्यवस्थेवर सोपवा म्हणणाऱ्याने कोणत्या देशाच्या करव्यवस्थेवर, हे सांगणे भाग आहे.

शोधनिबंध लिहिणाऱ्यांकडे माझी मागणी मोठी नाही. भाडेकरूंच्या हक्कांवरचाच निबंध घ्या. लेखक दाखवतो की भाडेनियंत्रण उठवले तर घरांचा पुरवठा वाढेल, आणि भाडेकरूंचे जे नुकसान होईल ते करातून भरून काढता येईल. मग त्याने पुढची दोन पाने लिहावीत. नियंत्रण उठताच घराची किंमत वाढते. वाढलेली किंमत घरमालकाच्या खिशात गेली, पण त्याने घर विकले नाही, म्हणून प्राप्तिकराच्या दृष्टीने काही घडलेच नाही. वाढलेल्या भाड्यावर कर बसेल, पण त्यातून घसारा आणि कर्जाचे व्याज वजा होईल. घर कंपनीच्या किंवा विश्वस्तनिधीच्या नावे असेल तर हिशेब आणखी बदलेल. अशा वेळी भरपाईचा पैसा नेमका कोणत्या कलमाखाली येणार आणि भाडेकरूपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचणार? याचे उत्तर स्थानिक मालमत्ता कर किंवा जमिनीच्या मूल्यावरचा कर असे असू शकते. ते चांगलेही असू शकते. पण ते लिहिले पाहिजे. आणि लिहिता आले नाही तर निबंधाचा निष्कर्ष नियंत्रण उठवा असा न राहता, अमुक कर आधी बसवला तरच नियंत्रण उठवा, असा झाला पाहिजे.

यावर आक्षेप येतो की करकायदा फार किचकट, तो तज्ज्ञांसाठी ठेवावा. बहुतेक विधी महाविद्यालयांत तो तसाच ठेवलेला असतो, शेवटच्या वर्षाच्या ऐच्छिक विषयांत, ज्यांना करसल्लागार व्हायचे आहे त्यांच्यापुरता. करकायद्याचे अभ्यासकही याला जबाबदार आहेत. त्यांच्यातल्या अनेकांचे लेखन ताज्या निकालांवरच्या टिपणांपलीकडे जात नाही, आणि शेजारच्या वर्गात कराराचा कायदा शिकवणाऱ्याशी त्यांचे बोलणे होत नाही. पण किचकट आहेत ती कलमे. उत्पन्न कधी धरायचे, कोणाचे धरायचे आणि कागदाला किती मान द्यायचा, हे तीन प्रश्न पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला करार आणि मालमत्ता शिकवतानाच शिकवता येतील, मॅकोम्बर आणि ग्रेगरी या दोन खटल्यांवर. त्यासाठी नवा विषय लागत नाही. कराराच्या अभ्यासक्रमातले दोन तास पुरतात.